घानातील कोको-लागवड

पश्चिम आफ्रिकेतील घाना (१९५७ पूर्वीचे गोल्ड कोस्ट) ह्या देशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली आणि अवघ्या तीस-पस्तीस वर्षांत जगात अग्रस्थानी पोहोचलेली कोको वृक्षाची शेती. ही लागवड युरोपीय मळेवाल्यांनी केली नाही. ती स्थानिक आफ्रिकी शेतकऱ्यांनी स्वतःच्या भांडवलावर व स्वतःच्या पद्धतीने केली. त्यामुळे झाडाची निगा कशी राखावी, रोगट झाड तोडावे की राखावे आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न घानाच्या इतिहासात केवळ कृषिविषयक न राहता राजकीय बनले. ह्या दृष्टीने घानातील कोकोचा इतिहास अभ्यसनीय आहे.

मूलस्थान व प्रसार : कोको (थिओब्रोमा काकाओ, कुल–माल्व्हेसी, पूर्वीच्या वर्गीकरणानुसार स्टर्क्युलिएसी) हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या वरच्या खोऱ्यातील सदाहरित, सावलीप्रिय वृक्ष आहे. एक्वादोरच्या आग्नेय भागातील सांता आना–ला फ्लोरिदा येथील उत्खननात मिळालेल्या भांड्यांवर कोकोचे अवशेष आढळले असून ते सु. ५,३०० वर्षांपूर्वीचे आहेत, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले आहे. पुढे मध्य अमेरिकेत माया व ॲझटेक लोकांनी ह्या वृक्षाची लागवड केली. त्याच्या बियांचे पेय ते पीत आणि बियांचा चलन म्हणूनही उपयोग करीत. स्पॅनिश व पोर्तुगीज वसाहतींच्या काळात कोको कॅरिबियन बेटे, व्हेनेझुएला व ब्राझील येथे पसरला.

आफ्रिकेत कोको ब्राझीलमधून आला. १८२२ मध्ये गिनीच्या आखातातील प्रिन्सिपे ह्या पोर्तुगीज बेटावर त्याची लागवड झाली. तेथून तो साऊँ तोमे व नंतर फर्नांदो पो (सध्याचे बिओको) ह्या बेटांवर गेला. हा कोको ‘आमेलोनादो’ ह्या एकाच प्रकारचा होता. फळ खरबुजासारखे, साल गुळगुळीत, बिया जांभळ्या आणि स्वपरागणाने फळधारणा, ही त्याची लक्षणे होत. मोजक्या झाडांच्या संततीतून पश्चिम आफ्रिकेतील कोट्यवधी झाडे निर्माण झाली. परिणामी मालाची प्रत एकसारखी राहिली. पण एका झाडाला जो रोग सहन होत नाही तो जवळजवळ कोणत्याच झाडाला सहन होत नाही, अशी स्थितीही त्यामुळेच उद्‌भवली.

गोल्ड कोस्टमधील प्रारंभ : बासेल मिशनच्या धर्मोपदेशकांनी १८५७-५८ च्या सुमारास अक्वापिम डोंगराळ भागात कोकोची रोपे लावून पाहिली, परंतु त्या प्रयत्नांतून व्यापारी लागवड उभी राहिली नाही. ह्या लागवडीचा जनक म्हणून टेटे क्वाशी ह्या लोहाराचे नाव घेतले जाते. तो ओसू येथील गा जमातीचा असून बासेल मिशनच्या कार्यशाळेत त्याने लोहारकाम शिकले होते. १८७० मध्ये तो फर्नांदो पो बेटावर कामासाठी गेला. तेथून परतताना त्याने कोकोच्या बिया आणल्या आणि १८७९ च्या सुमारास अक्वापिममधील माम्पाँग येथे त्या लावल्या. कोकोच्या बियांची रुजण्याची शक्ती फळाबाहेर काढल्यावर थोड्याच दिवसांत नष्ट होते. त्यामुळे सागरी प्रवासात त्या जिवंत राखून जमिनीत रुजविणे हे सोपे नव्हते. त्याच्या बागेतील फळे आसपासच्या शेतकऱ्यांनी विकत घेऊन आपल्या शेतांत लावली. टेटे क्वाशी १८९२ मध्ये मरण पावला.

गव्हर्नर विल्यम ब्रँडफर्ड ग्रिफिथ याने साऊँ तोमे येथून फळे मागविली, तसेच १८९० मध्ये अबुरी येथे वनस्पतिउद्यान स्थापिले. तेथून शेतकऱ्यांना रोपे मिळू लागली. १८९१ च्या निर्यात-नोंदीत कोकोचा आकडा केवळ ८० पौंड (सु. ३६ किग्रॅ.) एवढा आहे. वीसच वर्षांनी, १९११ मध्ये, गोल्ड कोस्टची निर्यात सु. ४०,००० टनांवर जाऊन तो जगातील सर्वांत मोठा कोको उत्पादक प्रदेश ठरला. १९३६-३७ च्या हंगामात हे उत्पादन सु. ३ लक्ष टनांपर्यंत पोहोचले.

ह्याच काळात पोर्तुगीज साऊँ तोमे येथील मळ्यांवर अंगोलातून आणलेल्या मजुरांना गुलामांप्रमाणे राबविले जाते, हे उघडकीस आले. कॅडबरी, फ्राय व राउनट्री ह्या इंग्रज कंपन्यांनी १९०९ मध्ये तेथील कोकोवर बहिष्कार टाकला व त्यांचे लक्ष गोल्ड कोस्टकडे वळले. मळ्यांवरील सक्तीच्या श्रमाशिवाय, छोट्या शेतांवरही मोठ्या प्रमाणावर कोको पिकू शकतो, हे गोल्ड कोस्टने दाखवून दिले.

स्थलांतरित शेतकरी : कोकोचा एवढ्या वेगाने प्रसार कसा झाला, ह्याचे समाधानकारक स्पष्टीकरण पॉली हिल ह्या अभ्यासिकेने द मायग्रंट कोको-फार्मर्स ऑफ सदर्न घाना (१९६३) ह्या ग्रंथात दिले. घरालगतच्या तुकड्यात अडाणी कुणब्याने सहज लावलेले पीक, ही तत्पूर्वीची समजूत तिने खोडून काढली. पामतेल व रबर यांच्या व्यापारात अक्वापिम, क्रोबो, शाई व गा लोकांनी पैसा साठविला होता. अक्वापिम डोंगरावरील जमीन अपुरी पडू लागताच हे लोक डेन्सू नदी ओलांडून पश्चिमेकडील अकिम अबुआक्वा राज्यातील विरळ वस्तीच्या वनभूमीत गेले आणि तेथील प्रमुखांकडून त्यांनी जमिनी विकत घेतल्या. पितृवंशीय समाजांतील शेतकरी गट करून, ज्याला ते ‘कंपनी’ म्हणत, एकत्र जमीन घेत आणि प्रत्येकाने दिलेल्या पैशाच्या प्रमाणात तिच्या लांबट पट्ट्या पाडून वाटून घेत. क्रोबो लोकांत ‘हुझा’ ही अशीच पद्धत होती. मातृवंशीय अक्वापिम लोक मात्र कुटुंबाच्या नावे मोठे तुकडे घेत. पहिल्या बागेच्या उत्पन्नातून दुसरी जमीन व तिच्या उत्पन्नातून तिसरी, असा हा क्रम दोन-तीन पिढ्या चालला. माल वाहून नेण्यासाठी शेतकऱ्यांनी स्वखर्चाने डेन्सू नदीवर पूलही बांधवून घेतले.

बाग वाढल्यावर ती राखण्यासाठी उत्तर प्रांत, तसेच शेजारच्या फ्रेंच वसाहती येथून मजूर येऊ लागले. त्यांच्याशी दोन प्रकारचे करार प्रचलित झाले. ‘अबुसा’ करारात राखणदारास पिकाचा तिसरा हिस्सा मिळे. ‘अबुनू’ करारात नवीन बाग लावून देणाऱ्यास अर्धा हिस्सा मिळे. ह्या दुसऱ्या प्रकारात कसणाऱ्याचा हक्क सामान्यतः जमिनीवर नसून कोकोच्या उभ्या झाडांवर असतो. झाडे गेली की जमीन मूळ मालकाकडे परत जाते, असा अनेक ठिकाणी रिवाज आहे. पुढे रोगट झाडे तोडण्याचा प्रश्न उद्‌भवला, तेव्हा ह्या रिवाजाला मोठे महत्त्व आले.

स्त्रियांचा प्रश्नही असाच गुंतागुंतीचा होता. अकान लोकांत वारसा मातृवंशाने, म्हणजे बहुधा मामाकडून भाच्याकडे जात असे. पतीच्या बागेत वर्षानुवर्षे तण काढणाऱ्या व फळे फोडणाऱ्या पत्नीचा पतीच्या मृत्यूनंतर त्या बागेवर हक्क उरत नसे. काही स्त्रियांनी स्वतंत्र बागा उभ्या केल्या, तर काही पतींनी हयातीतच पत्नीस बाग दान दिली. १९८५ च्या वारसा कायद्याने मृत्युपत्र न करता मृत झालेल्या व्यक्तीच्या पत्नीस व मुलांस मालमत्तेत निश्चित वाटा दिला.

लागवड व निगा : घानातील शेतकऱ्यांनी विकसित केलेली पद्धत मळ्यांवरील पद्धतीहून वेगळी होती. कोरड्या हंगामात रानातील लहान झाडेझुडपे तोडून जाळीत. उंच वाढलेले काही वृक्ष मात्र कायमच्या सावलीसाठी राखीत. पाऊस सुरू होताच मोकळ्या जागेत राजकेळ, अळूच्या जातीची कंदपिके, कसावा व मका लावीत. कोकोची रोपटी कोवळी असताना त्यांना ह्या पिकांची सावली मिळे आणि पहिली काही वर्षे कुटुंबाला अन्नही मिळे. कोकोच्या दोन-तीन बिया एका खळग्यात थेट पेरीत. सरळ ओळी न आखता दाट लागण करीत व पुढे अशक्त रोपे मरून जात. युरोपीय कृषिअधिकाऱ्यांना ही पद्धत गबाळी वाटे. तथापि दाट लागणीमुळे झाडांचे शेंडे लवकर एकमेकांस मिळतात, जमिनीवर ऊन पोहोचत नाही, त्यामुळे तण कमी होते व खुरपणीचा खर्च वाचतो, हे पुढील संशोधनात दिसून आले. कृषिखाते ओळीतील लागणीची शिफारस करते व त्यासाठी ३ मी. × ३ मी. अंतर ठेवल्यास हेक्टरी सु. १,१०० झाडे बसतात.

बीपासून वाढलेले रोप प्रथम सरळ उभे वाढते. सु. १ ते १·५ मी. उंचीवर त्याचा शेंडा थांबतो आणि तेथून बहुधा पाच फांद्या पंख्यासारख्या पसरतात. खोडावर ह्या जागेखाली पुन्हा उभे धुमारे फुटतात. ते वेळोवेळी काढले नाहीत तर झाडाची शक्ती वाया जाते व झाड उंच होऊन फळे काढणे अवघड होते. आमेलोनादो झाडास पाच-सहा वर्षांनी फळे धरू लागतात. फुले व फळे खोडावर आणि जुन्या फांद्यांवर येतात. फुले अत्यंत लहान असून त्यांचे परागण चिलटांसारख्या बारीक कीटकांमार्फत होते. हे कीटक कुजणाऱ्या पाल्यात व केळीच्या सडक्या खुंटांत वाढतात. म्हणून बागेतील पालापाचोळा झाडून टाकणे हितावह नसते. हजारो फुलांपैकी फारच थोड्यांची फळे होतात. फळ पिकण्यास पाच ते सहा महिने लागतात व त्यात सामान्यतः ३० ते ४० बिया असतात.

मुख्य हंगाम ऑक्टोबर ते मार्च असा असतो. फळ ओढून न काढता कोयत्याने देठाशी कापावे लागते. खोडावरील फुलांच्या गादीस इजा झाल्यास तेथे पुन्हा फूल येत नाही. फळे फोडून गरासह बिया केळीच्या पानांवर ढीग करून रचतात, वरून पानांनी झाकतात आणि सहा दिवस आंबवतात. दुसऱ्या व चौथ्या दिवशी ढीग वर-खाली करतात. ढिगाचे तापमान ४५° ते ५०° से. पर्यंत चढते, बीजांकुर मरतो व चॉकोलेटच्या स्वादास कारणीभूत होणारी द्रव्ये तयार होतात. नंतर बिया बांबू अथवा ताडाच्या काड्यांच्या उंच चटयांवर पसरून आठवडाभर वा अधिक दिवस उन्हात वाळवतात, तसेच वरचेवर हलवून खराब बिया निवडून काढतात. घानाच्या कोकोस बाजारात जो लौकिक मिळाला, तो बागेच्या कडेला होणाऱ्या ह्या कष्टाच्या कामामुळे होय.

किती सावली ठेवावी हा प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त होता. ताफो येथील केंद्रात १९५० नंतर केलेल्या प्रयोगांत सावलीचे वृक्ष काढून खते दिली असता उत्पन्न काही पटींनी वाढलेले दिसले. परंतु हेच प्रयोग पुढे चालू ठेवले तेव्हा उघड्यावरील झाडे लवकर थकली आणि उत्पन्न घसरू लागले. खत, कीडनाशक व पाणी यांची कायम शाश्वती नसलेल्या शेतकऱ्यास मध्यम सावलीच अधिक लाभदायक ठरते, असा त्यातून निष्कर्ष निघाला. डिसेंबर ते फेब्रुवारीत सहारातून वाहणाऱ्या हरमॅटन ह्या कोरड्या वाऱ्यांपासूनही सावलीचे वृक्ष संरक्षण देतात.

बाजारपेठेचा संघर्ष : निर्यातीचा व्यापार थोड्या युरोपीय कंपन्यांच्या हाती होता. भाव पाडण्यासाठी त्या आपापसांत करार करीत. १९३०-३१ मध्ये शेतकऱ्यांनी माल रोखून धरण्याचा प्रयत्न केला. १९३७ मध्ये युनायटेड आफ्रिका कंपनीच्या पुढाकाराने बहुतेक सर्व मोठ्या कंपन्यांनी खरेदीचा करार केला, तेव्हा शेतकरी, प्रमुख व दलाल एकत्र आले. ऑक्टोबर १९३७ ते एप्रिल १९३८ पर्यंत कोको विकण्यास त्यांनी नकार दिला आणि आयात मालावरही बहिष्कार टाकला. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या नोवेल आयोगाने १९३८ मध्ये शेतकऱ्यांची तक्रार मोठ्या अंशी रास्त ठरविली. युद्धकाळात सरकारने खरेदी आपल्याकडे घेतली व १९४७ मध्ये कोको विपणन मंडळ स्थापन झाले. भाव स्थिर ठेवणे हा मंडळाचा घोषित हेतू होता. प्रत्यक्षात जागतिक भाव व शेतकऱ्यास दिलेला भाव यांतील तफावत सरकारी महसुलाचा मोठा आधार बनली.

कोंबसूज रोग : १९३६ मध्ये पूर्व प्रांतातील कोफोरिदुआ परिसरात कोकोच्या फांद्या व मुळे सुजून झाडे मरत असल्याचे नोंदले गेले. कोवळ्या पानांच्या शिरा लालसर होणे, पाने पिवळी पडून गळणे, फळे लहान व गोल होणे आणि दोन-तीन वर्षांत झाड वाळणे, ही रोगाची लक्षणे होत. ताफो येथे १९३८ मध्ये संशोधन केंद्र स्थापण्यात आले. तेथे ए. एफ. पॉस्नेट याने कलमे बांधून केलेल्या प्रयोगांवरून हा रोग विषाणुजन्य असल्याचे १९४० मध्ये सिद्ध केले. पिठ्या ढेकूण हे कीटक त्याचा प्रसार करतात आणि मुंग्या त्या कीटकांचे रक्षण करतात, असे पुढे आढळून आले. सावरीच्या जातीचे व कोला प्रजातीतील काही स्थानिक रानवृक्ष ह्या विषाणूचे मूळ आश्रयस्थान आहेत. याचा अर्थ, रोग अमेरिकेतून आलेला नसून आफ्रिकेच्या रानातून नवागत वृक्षावर आलेला आहे. ताफोच्या केंद्राचे १९४४ मध्ये पश्चिम आफ्रिकी कोको संशोधन संस्थेत रूपांतर झाले.

रोगी झाडावर उपाय नव्हता. रोगट झाड व त्याला लागून असलेली झाडे तोडणे एवढाच मार्ग शास्त्रज्ञांस दिसत होता. १९४६ पासून सरकारी टोळ्यांमार्फत सक्तीची तोड सुरू झाली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही कारवाई अनाकलनीय होती. नव्याने लागण झालेले झाड हिरवे असते व एक-दोन हंगाम फळेही देते. लागून असलेली निरोगी दिसणारी झाडेही तोडली जात. सहा-सात वर्षे वाढविलेली बाग एका दिवसात आडवी होई. मिळणारी भरपाई तुटपुंजी होती. युद्धानंतर भाव चढत असतानाच ही तोड होत असल्याने, सरकारला कोकोचा धंदा मोडावयाचा आहे, असा संशय पसरला. ज्यांनी बाग गहाण टाकली होती अथवा ज्यांचा हक्क केवळ उभ्या झाडांवर होता, त्यांच्या दृष्टीने झाड जाणे म्हणजे सर्वस्व जाणे होते.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी आक्रा येथे माजी सैनिकांच्या मोर्चावर गोळीबार होऊन दंगली उसळल्या. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉटसन आयोगाने असंतोषाच्या कारणांत झाडतोडीचा स्पष्ट उल्लेख केला. सक्ती काही काळ थांबविण्यात आली व शास्त्रज्ञांच्या एका समितीकडून फेरतपासणी करविण्यात आली. तोडीवाचून उपाय नाही, असाच समितीचाही अभिप्राय पडला. क्वामे एन्क्रुमा यांच्या पक्षाने ग्रामीण भागात ह्या असंतोषाचा लाभ घेतला होता; परंतु १९५१ मध्ये सत्तेवर आल्यावर त्यांच्याच सरकारला तोड पुन्हा हाती घ्यावी लागली. ह्या वेळी अनुदान वाढवून व समजूत घालून ती करण्यावर भर होता. पुढील दशकांत तोडलेल्या झाडांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. रोग मात्र नाहीसा झाला नाही. शास्त्रीय निदान अचूक होते. ते ज्याच्या बागेवर लागू करावयाचे त्यास विश्वासात घेण्याचे काम उशिरा सुरू झाले, हे ह्या प्रकरणातील मुख्य वैगुण्य होय.

सुधारित वाण व पीकसंरक्षण : एकाच वाणावर विसंबण्यातील धोका स्पष्ट झाल्यावर संशोधक मूलस्थानाकडे वळले. एफ. जे. पाउंड याने १९३७-३८ मध्ये ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातून निरनिराळ्या कोकोचे नमुने त्रिनिदादला आणले होते. त्यांची फळे १९४४ मध्ये पॉस्नेट याने ताफो येथे आणली. ह्या ॲमेझॉनी कोकोस तीन वर्षांच्या आत-बाहेर फळे येतात, त्याची वाढ जोमदार असते व कोंबसूज काही प्रमाणात सहन होते. त्याचा आमेलोनादोशी व परस्परांशी संकर करून काढलेली वाणे शेतकऱ्यांस देण्यात आली. पानाफळांतील रस शोषणाऱ्या ढेकणांविरुद्ध १९५० नंतरच्या दशकात कीटकनाशकांची मोठ्या प्रमाणावर फवारणी झाली आणि उत्पादन वेगाने वाढले. फळे काळी पडून कुजण्याचा बुरशीजन्य रोग पूर्वीपासून होता. त्याचा अधिक घातक प्रकार १९८५ मध्ये घानात आढळला. रोगट फळे वेळोवेळी काढणे, सावली विरळ करणे व ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारणे हे त्यावरील उपाय होत.

उत्कर्ष, घसरण व सद्यःस्थिती : १९५४ मध्ये सरकारने शेतकऱ्यास द्यावयाचा भाव ६० पौंडांच्या ओझ्यास ७२ शिलिंग असा चार वर्षांसाठी गोठविला. जागतिक भाव त्या वेळी बराच वर होता. ह्या निर्णयाच्या विरोधात अशांटी प्रदेशात त्याच वर्षी राष्ट्रीय मुक्ती आंदोलन हा पक्ष उभा राहिला. १९६४-६५ मध्ये उत्पादन साडेपाच लक्ष टनांच्या वर गेले. परंतु त्याच सुमारास जागतिक भाव कोसळले आणि देश परकीय चलनाच्या टंचाईत सापडला. फेब्रुवारी १९६६ मध्ये एन्क्रुमा यांची सत्ता उलथली. १९६९ मध्ये परदेशी रहिवाशांना देश सोडण्याचा हुकूम निघाला. त्यामुळे बागांतील मजूर कमी झाले, खुरपणी व फवारणी मागे पडली. शेतकऱ्यास मिळणारा भाव इतका अल्प झाला की पुष्कळ माल चोरून शेजारच्या देशांत जाऊ लागला. १९७७-७८ मध्ये कोत दीव्हारने (आयव्हरी कोस्ट) घानास मागे टाकले. १९८३ च्या दुष्काळात व वणव्यांत अनेक बागा जळाल्या आणि १९८३-८४ मध्ये उत्पादन सु. १·६ लक्ष टनांवर आले.

१९८३ नंतरच्या आर्थिक सुधारणांत शेतकऱ्याचा भाव वाढविण्यात आला. लागवडीचे केंद्र पूर्वेकडून अशांटी व तेथून पश्चिमेकडील वनप्रदेशात सरकले. २००१ पासून सरकारी खर्चाने फवारणी सुरू झाली. २०१०-११ मध्ये उत्पादनाने प्रथमच १० लक्ष टनांची मर्यादा ओलांडली. ह्या वाढीपैकी काही भाग नवे जंगल तोडून मिळविलेला होता. आज ती सोय जवळजवळ संपली आहे. सरकारी अंदाजानुसार सु. ८ लक्ष कुटुंबे कोकोवर अवलंबून असून बहुतेकांची बाग काही हेक्टरांपुरतीच असते. बागेत मुलांना धोकादायक कामे लावण्याचा प्रश्न २००१ च्या हार्किन-एंगेल करारानंतरही पूर्णपणे सुटलेला नाही. २०१९ मध्ये घाना व कोत दीव्हार यांनी शेतकऱ्यांच्या उत्पन्नासाठी टनामागे ४०० डॉलरांचा जादा आकार ठरविला.

२०२०-२१ च्या विक्रमी पिकानंतर उत्पादन झपाट्याने उतरले व २०२३-२४ मध्ये ते जवळपास निम्म्यावर आले. लहरी पाऊस, म्हातारी झाडे, बेकायदा सोनेखाणींनी उद्ध्वस्त झालेल्या बागा आणि विशेषतः पश्चिम-उत्तर विभागात फैलावलेला कोंबसूज रोग ही त्याची कारणे होत. टंचाईमुळे न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात डिसेंबर २०२४ मध्ये भाव टनामागे १२,००० डॉलरांवर गेला, तर २०२५ मध्ये तो पुन्हा बराच उतरला. घानात शेतकऱ्याचा भाव सरकार हंगामापूर्वी ठरवीत असल्याने ह्या तेजीचा पूर्ण लाभ त्यास झाला नाही. रोगट बागा तोडून पुनर्लागवड करण्याची अलीकडची योजना जुन्या अनुभवावर आधारलेली आहे. तीत जमीनमालक व कसणारा या दोघांनाही मोबदला मिळतो आणि नवी बाग फळास येईपर्यंत राजकेळीसारख्या आंतरपिकांची सोय केली जाते.

भारताशी संबंध : भारतात कोको १७९८ मध्ये तत्कालीन तिरुनेलवेली जिल्ह्यातील कुर्तालम येथे ईस्ट इंडिया कंपनीने आणला, पण व्यापारी लागवड १९६५ नंतर केरळमध्ये वायनाड भागातून सुरू झाली. केरळ व कर्नाटकात तो स्वतंत्र पीक म्हणून न लावता नारळ-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून लावतात. अलीकडे आंध्र प्रदेश उत्पादनात पुढे आहे. १९८० च्या सुमारास भाव कोसळून खाजगी खरेदीदारांनी माल घेणे बंद केले, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी झाडे उपटली. त्या वेळी मंगळूर येथील कँपको ह्या सहकारी संस्थेने (स्थापना १९७३) खरेदीची जबाबदारी घेतली व १९८६ मध्ये पुत्तूर येथे चॉकोलेटचा कारखाना काढला. कोकण व गोवा येथील बागायतींत आणि कुळागरांत कोकोस लागणारी सावली आयती मिळते. मात्र पावसाळ्यानंतरच्या सात-आठ कोरड्या महिन्यांत पाणी देण्याची तजवीज असल्याशिवाय तेथे हे झाड तग धरीत नाही. पश्चिम आफ्रिकेतील विषाणू देशात येऊ नये म्हणून परदेशी रोपे व कलमे मधल्या विलग्नवास केंद्रात ठेवून, तपासूनच आणणे आवश्यक असते.